अमेरिकेतील पहिले सत्र: सांस्कृतिक बदलाशी जुळवून घेण्याचा क्रम आणि त्यातील नेहमीच्या चुका

ऑगस्टमध्ये अमेरिकेत उतरलेला मराठी विद्यार्थी साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर तीन तक्रारी करू लागतो. इथली माणसे गोड बोलतात पण जवळ येत नाहीत. प्राध्यापकांनी अमुक गोष्ट आधी सांगितलीच नाही. आणि रूममेटचे काहीतरी बिनसले आहे, पण काय ते कळत नाही. मध्यपश्चिमेतील एका विद्यापीठात मी शिकलो आणि नंतर काही वर्षे नव्या विद्यार्थ्यांना विमानतळावरून आणण्यापासून पहिले महिनाभर हाताशी धरण्यापर्यंतची कामे केली. तेव्हा या तिन्ही तक्रारींचे मूळ मला बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडले. आपण ज्या घरांतून येतो तिथे अर्धे बोलले जाते आणि अर्धे समजून घेतले जाते. "भूक नाही" म्हणणाऱ्याच्या पानात आई पोळी वाढतेच. अमेरिकेत न बोललेले कोणी समजून घेत नाही, कारण समोरच्याच्या मनातले आपणच ठरवून टाकणे तिथे आगाऊपणाचे मानले जाते.

दुसरी चूक क्रमाची आहे. "राहता राहता सवय होईल" या भरवशावर बसलेला विद्यार्थी पहिले तीन आठवडे फर्निचर, मोबाइल आणि किराणा यांत घालवतो, आणि वर्गातल्या पद्धती शिकायला घेतो तेव्हा दोन असाइनमेंटचे गुण गेलेले असतात. पुढील टप्पे मुख्यतः एमएससाठी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून मांडले आहेत. पदवीसाठी जाणाऱ्यांनाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

## टप्पा १: निघण्यापूर्वीचे सहा आठवडे

१. नावाचा घोळ मिटवा. आपल्या पासपोर्टवरील 'गिव्हन नेम' या रकान्यात बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र असते. विद्यापीठाची संगणकप्रणाली ती दोन्ही मिळून एकच पहिले नाव धरते आणि हजेरीत 'रोहन सुरेश' अशी हाक येते. पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा दाखला) आणि व्हिसा या तिन्हींवरचे स्पेलिंग अक्षरशः सारखे आहे का, हे आधी पाहा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल, तर तुमचे नाव आडनावाच्या जागी जाते आणि व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', असे छापून येते आणि पुढे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत ते मागे लागते. हाताशी वेळ असेल तर आय-२० मागवण्यापूर्वीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा. विद्यापीठाच्या पोर्टलवर 'प्रिफर्ड नेम' असा रकाना असल्यास त्यात फक्त स्वतःचे नाव भरा.

नावाचा उच्चार पहिल्याच भेटीत दुरुस्त करावा. ऋतुजा नावाची विद्यार्थिनी संकोचाने दोन महिने 'रुटूजा' ऐकून घेते आणि तिसऱ्या महिन्यात दुरुस्त करायला जाते, तेव्हा दोघेही अवघडतात. अमेरिकी माणसाला उच्चार चुकल्याचे सांगितलेले आवडते. तो दोनदा म्हणून पाहतो आणि लिहूनही घेतो. सोपे टोपणनाव घ्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न आहे, फक्त ते तुम्ही निवडलेले असावे.

२. घरच्यांशी दोन गोष्टी स्पष्ट बोला. पहिली गोष्ट फोनची वेळ. शिकागोचे घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते, नोव्हेंबरपासून साडेअकरा तास. रोज रात्री नऊला बोलायची सवय असलेल्या आईला ती वेळ लेकाच्या सकाळच्या लेक्चरची आहे, हे आधी सांगून ठेवले नाही तर "तिकडे गेला आणि बदलला" हे वाक्य फार लवकर ऐकावे लागते. दुसरी गोष्ट गुणांची. १९७४च्या 'फर्पा' कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क खुद्द विद्यार्थ्याकडे असतो, त्यामुळे वडिलांनी विद्यापीठात फोन केला तरी तुमच्या परवानगीशिवाय त्यांना सहसा काही सांगितले जात नाही. फी भरणाऱ्या पालकांना याचा राग येतो. तो निघण्यापूर्वी येऊन गेलेला बरा.

३. पाच पदार्थ शिका आणि सामान त्याप्रमाणे बांधा. वरण-भात, एक उसळ, दोन भाज्या आणि पोहे एवढे जमले की परवड थांबते. लहान कुकर न्यावा आणि सोबत जादा गॅस्केट न्यावे. मिक्सर नेऊ नये. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ असतो आणि आपले २३० व्होल्टचे यंत्र त्यावर नीट चालत नाही. थंडीचे जाड जाकीटही तिथेच घ्यावे, कारण पुण्यात घेतलेले जाकीट मिनेसोटात उपयोगाचे ठरत नाही. नियमित औषधे असतील तर ती मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

> तपासा: लसीकरणाची कागदपत्रे विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राने मागितलेल्या नमुन्यात भरली आहेत का? ती अपुरी असतील तर अनेक विद्यापीठे विषयनोंदणीच अडवून ठेवतात.

## टप्पा २: उतरल्यानंतरचे पहिले दहा दिवस

आय-२०वरील सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी एफ-१वर देशात शिरता येत नाही, त्यामुळे तिकीट त्या हिशेबाने काढावे. उतरल्यानंतरचा क्रम असा ठेवा: सरकारी संकेतस्थळावरून आय-९४ची, म्हणजे देशात शिरल्याची, नोंद उतरवून घ्या आणि त्यावर नाव व एफ-१ हा वर्ग बरोबर आहे का ते पाहा, मग आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात हजेरी नोंदवा, नंतर फोन क्रमांक आणि त्यानंतर बँक. सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी (नोकरी आणि कर यांसाठीचा सरकारी क्रमांक) पहिल्या आठवड्यात रांग लावू नका, कारण एफ-१ विद्यार्थ्याला तो मिळण्यासाठी आधी नोकरी हातात असावी लागते. घराचा पत्ता बदलला तर दहा दिवसांच्या आत कळवायचा असतो आणि मित्राच्या घरून भाड्याच्या घरात जाणारे नेमके हेच विसरतात.

याच दिवसांत रोजच्या व्यवहारातील लहान धक्के बसतात. दुकानातील किमतीच्या चिठ्ठीवर बहुतेक राज्यांत विक्रीकर धरलेला नसतो, तो गल्ल्यावर वाढतो. बसून जेवण्याच्या हॉटेलात बिलाच्या १५ ते २० टक्के टिप द्यायची असते. ती देणे न देणे कागदोपत्री ऐच्छिक असले, तरी टिप मिळणाऱ्या कामगाराचे संघीय किमान वेतन तासाला अवघे २.१३ डॉलर आहे, त्यामुळे न देणे हे त्याच्या पगारातून कापण्यासारखे समजले जाते. काउंटरवरून कॉफी घेताना फिरवून दिलेल्या पडद्यावर मात्र 'नो टिप' दाबायला काहीच हरकत नाही. तारीख महिना-दिवस-वर्ष अशी लिहिली जाते. ०९/०५ म्हणजे पाच सप्टेंबर.

गल्ल्यावरची बाई "हाऊ आर यू" म्हणते, तो आपल्याकडच्या "काय, बरंय ना?"चा भाऊ आहे. त्याला "गुड, हाऊ आर यू" एवढेच उत्तर असते. एकाने तिला विमानात हरवलेल्या बॅगेची सगळी कहाणी सांगितली होती, आणि मागची रांग ती कहाणी अतिशय सभ्यपणे ऐकत उभी होती.

> इशारा: ओरिएंटेशन चुकवू नका. वरिष्ठ मराठी विद्यार्थी "तिथे काही नसतं रे" असे सांगतात. त्यांच्या वेळचे नियम आणि तुमच्या वेळचे नियम एकच असतील असे नाही.

## मध्येच थांबून: ज्या चुकांना दुसरी संधी नसते

सांस्कृतिक चुका पुढे सुधारता येतात, कायद्याच्या चुका व्हिसावर जातात. म्हणून या चार गोष्टी इथेच वेगळ्या काढल्या आहेत.

सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. ओळखीच्या माणसाच्या दुकानात रोखीने केलेले काम 'मदत' म्हणून खपत नाही. दारू पिण्याचे वय २१ आहे. गाडी चालवण्याआधी ती घेऊच नये. गांजा काही राज्यांत दुकानात विकला जातो, परंतु संघीय कायद्यात तो बेकायदेशीरच आहे आणि तुमचा व्हिसा संघीय आहे. स्वयंचलित गल्ल्यावर एखादी वस्तू स्कॅन न करता पिशवीत गेली, तर दुकान ती चोरी धरू शकते. "चुकून राहिले" हे वाक्य पोलिसांपुढे फारसे टिकत नाही.

पोलिसांनी गाडी थांबवली तर उजव्या कडेला घ्या, आतच बसून राहा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा आणि सांगितल्याशिवाय कागद काढायला खिशात किंवा कप्प्यात हात घालू नका. आपल्याकडे उतरून, कागद घेऊन हवालदाराकडे चालत जाणे आदराचे समजतात. तिथे तीच कृती धोक्याची समजली जाते.

## टप्पा ३: घर आणि रूममेट

१. करार वाचून सही करा. भाडेकरार बहुधा बारा महिन्यांचा असतो आणि अनेक करारांत सर्व भाडेकरू मिळून पूर्ण भाड्याला बांधील असतात. म्हणजे एकाने भाडे बुडवले तर घरमालक ते उरलेल्या तिघांकडून वसूल करू शकतो. करारात चौघांची नावे असताना हॉलमध्ये पाचवा झोपवणे ही आपल्याकडची सोय तिथे करारभंग ठरू शकते. घर किंवा घरमालक यांची खात्री केल्याशिवाय भारतातून आगाऊ रक्कम पाठवू नका.

२. पहिल्याच रविवारी बसून नियम लिहा. भांडी कधी धुवायची, रात्री किती वाजल्यानंतर आवाज नको, पाहुणा किती दिवस राहू शकतो, फ्रीजचा कोणता कप्पा कोणाचा, किराणा एकत्र की वेगळा, कचरा कोणी टाकायचा, वीजबिल कसे वाटायचे. मराठी मुले एकत्र राहत असतील तर हा कागद कोणीच करत नाही, कारण "आपल्यात कसले नियम" अशी भावना असते. मी पाहिलेली सर्वांत कडू भांडणे मात्र आपल्यातलीच होती, आणि ती दुधाच्या कॅनवरून झाली.

३. स्वयंपाकघराची ओळख करून घ्या. माझ्या दुसऱ्याच शनिवारची गोष्ट. वरणाला फोडणी देत होतो. विजेच्या शेगडीचे वेटोळे लालभडक झाले होते; मोहरी तडतडली, पाठोपाठ मिरची आणि हिंग पडले आणि छताला लावलेला धूरसूचक किंचाळू लागला. धूर जावा म्हणून मी घाईने फ्लॅटचे मुख्य दार सताड उघडले. धूर बाहेरच्या मार्गिकेत गेला, मार्गिकेतला सूचक संपूर्ण इमारतीच्या घंटेला जोडलेला होता, आणि सात मिनिटांत खाली अग्निशमन दलाची गाडी उभी राहिली. पायजम्यातले साठ-सत्तर शेजारी हिरवळीवर जमले आणि मी हातात झारा घेऊन त्यांच्यात उभा. म्हणून हे लक्षात ठेवा: फोडणीच्या आधी एक्झॉस्ट पंखा लावा, खिडकी उघडा, शेगडी मध्यमवर आणा, झाकण हातात ठेवा आणि काहीही झाले तरी मुख्य दार उघडू नका. विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे तेल धुरकट होऊ लागल्यास बटण फिरवून भागत नाही, कढई उचलून बाजूला ठेवावी लागते. सूचकाला प्लॅस्टिक बांधणे किंवा त्यातील सेल काढणे हा उपाय वरिष्ठ सांगतील. तो करू नका. त्यासाठी दंड होतो, आणि खरी आग लागली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

वासाचाही विचार करावा लागतो. स्वयंपाकघर आणि हॉल एकच असल्याने कांदा-लसणाचा वास लोकरीच्या कोटात बसतो. तो आपल्याला येत नाही, वर्गात शेजारी बसलेल्याला येतो. आपल्या जेवणाची लाज बाळगायचे काही कारण नाही. स्वयंपाकाच्या वेळी कोट खोलीतल्या कपाटात आणि खोलीचे दार बंद एवढी शिस्त पुरते.

४. न्हाणीघर. अमेरिकी न्हाणीघराच्या फरशीला बहुधा मोरी नसते. बादली आणि तांब्याने बाहेर अंघोळ केली तर पाणी खालच्या घरातील छतात उतरते. टबातच अंघोळ करावी आणि पडद्याची खालची कड टबाच्या आत ठेवावी. डिशवॉशरमध्ये भांड्यांचा नेहमीचा द्रवसाबण घालू नये. फेस बाहेर येऊन स्वयंपाकघरभर पसरतो.

> तपासा: घरात पाऊल ठेवताच प्रत्येक भिंत, गालिचा आणि शेगडी यांचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला ईमेल केले आहेत का? अनामत परत मिळवताना तोच पुरावा असतो.

## टप्पा ४: वर्ग, प्राध्यापक आणि प्रामाणिकपणा

इथे सर्वांत अधिक नुकसान होते, म्हणून या टप्प्याला अधिक जागा दिली आहे.

१. सिलॅबस कराराप्रमाणे वाचा. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. तिथे तो प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातील लेखी व्यवहार असतो: कशाला किती टक्के गुण, उशीर झाल्यास किती वजावट, वर्गातील सहभागाला गुण आहेत का, कोणत्या कामात एकमेकांची मदत चालते, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कुठवर वापरता येतात. हे नियम विषयागणिक बदलतात. "सरांनी सांगितलंच नाही" ही तक्रार बहुतेक वेळा पान तीनवर छापलेली असते. पहिल्या आठवड्यात सर्व विषयांच्या तारखा एकाच दिनदर्शिकेत उतरवा. सत्राच्या शेवटी एकच मोठी परीक्षा देण्याची सवय असलेल्याला दर आठवड्याचे पाच-पाच टक्के क्षुल्लक वाटतात आणि तेच त्याला बुडवतात. बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत सरासरी ३.०, म्हणजे बी श्रेणी, राखावी लागते. साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी मानणाऱ्या आपल्या हिशेबाने तिथे चालता येत नाही.

२. हाक आणि ईमेल. 'सर' आणि 'मॅडम' सोडा. 'प्रोफेसर' आणि पुढे आडनाव अशी सुरुवात करा, आणि त्यांनी स्वतःहून पहिल्या नावाने हाक मारायला सांगितले तर तसे करा. त्यानंतरही 'सर'ला चिकटून राहिलात तर त्यांना ते दुरावा ठेवल्यासारखे वाटते. ईमेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली डू द नीडफुल' ही कारकुनी भाषा नको. विषयाच्या ओळीत कोर्स क्रमांक आणि काम लिहा. मजकुरात मी कोण, काय अडले, मी काय करून पाहिले आणि मला नेमके काय हवे, एवढ्या चार ओळी पुरतात. प्रकृतीची, घराची आणि सिमकार्डाची सविस्तर हकिकत सांगून मुदतवाढीची मागणी शेवटच्या वाक्यात लपवणारी ईमेल मी स्वतः लिहिलेली आहे. उत्तर आले, "लवकर बरा हो." मुदतवाढीबद्दल त्यात एक शब्द नव्हता, कारण मी ती धड मागितलीच नव्हती.

३. दुसऱ्या आठवड्यातच ऑफिस अवर्सना जा. प्राध्यापकांनी दर आठवड्याला राखून ठेवलेल्या या वेळेत जाणे म्हणजे त्यांना त्रास देणे, किंवा आपल्याला काही येत नाही याची कबुली देणे, असा समज घेऊन आपली मुले येतात. प्रत्यक्षात तिथे कोणीच आले नाही म्हणून प्राध्यापक दार उघडे ठेवून एकटे बसलेले असतात. सोबत आपली वही, कुठे अडले ती ओळ आणि दोन प्रश्न न्या. "आय हॅव अ डाउट" म्हणू नका. अमेरिकी इंग्रजीत त्याचा अर्थ 'तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही' असा होतो. 'क्वेश्चन' म्हणा. तसेच 'मी २०२४ साली पास आउट झालो' असे सांगितलेत तर तुम्ही बेशुद्ध पडला होतात असे त्यांना वाटेल.

मघाशी म्हटले की तिथे सगळे बोलून दाखवतात, त्याला एक अपवाद इथे नोंदवला पाहिजे. नाराजी मात्र अमेरिकी माणूस आडूनच सांगतो. "यू माइट वॉन्ट टू रीव्हिजिट धिस सेक्शन" हे ऐकायला सूचनेसारखे वाटते. त्याचा अर्थ 'हा भाग पुन्हा लिहा' असा आहे. आधी दोन वाक्ये कौतुकाची, मध्ये खरी गोष्ट आणि शेवटी पुन्हा प्रोत्साहन अशी त्यांच्या बोलण्याची घडण असते. आपण पहिली दोन वाक्ये घरी कळवतो आणि मधले विसरतो.

४. वर्गात बोला. सहभागाला दहा टक्के असतील आणि तुम्ही गप्प असाल, तर 'नम्र मुलगा' म्हणून कोणी ते गुण देत नाही. बोलणे जमत नसेल तर आदल्या रात्री एक प्रश्न लिहून ठेवा आणि तासाच्या पहिल्या वीस मिनिटांतच विचारा. नंतर हात वर होत नाही.

५. नक्कल कशाला म्हणतात ते समजून घ्या. इथे हेतू पाहिला जात नाही, कृती पाहिली जाते. तीन प्रसंग वारंवार घडतात. पहिला: मित्राने "फक्त बघायला" मागितलेले असाइनमेंट तुम्ही पाठवले, त्याने तीन ओळी उचलल्या. कारवाई दोघांवरही होऊ शकते. दुसरा: व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात मागील वर्षीची उत्तरे फिरली, तुम्ही काही वापरले नाही, पण गटात होतात. असा गट दिसताच बाहेर पडा. तिसरा: लेखातील परिच्छेद उचलला, शेवटी संदर्भही दिला, परंतु शब्द जसेच्या तसे असूनही अवतरणचिन्हे घातली नाहीत. आपल्याकडे एवढा संदर्भही खूप समजला जातो. तिथे ही चोरी आहे. आपल्या मैत्रीच्या व्याख्येत वही देणे बसते, हे मलाही ठाऊक आहे. तरीही नाही म्हणा, आणि त्याऐवजी एकत्र बसून पद्धत समजावून द्या, तीसुद्धा सिलॅबसमध्ये परवानगी असेल तरच. निलंबन झाले तर प्रवेशासोबत व्हिसाचा दर्जाही जातो.

> तपासा: तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांना तुमचे नाव ठाऊक आहे का? नसेल तर या आठवड्यातच ऑफिस अवर्स गाठा.

## टप्पा ५: ओळखी आणि मैत्री

जेवायला बोलावलेल्या घरी यजमान विचारतात, "आणखी घेणार?" आपण सवयीने "नको, नको" म्हणतो आणि आग्रहाची वाट पाहतो. भांडे शांतपणे दुसऱ्याकडे सरकते. आग्रह ही संस्थाच तिथे नाही. एकदा विचारले की झाले, कारण नकारावर दुसऱ्यांदा विचारणे म्हणजे तुमच्या शब्दावर अविश्वास दाखवणे. हवे असेल तर पहिल्याच वेळी 'यस, प्लीज' म्हणा. उपाशी घरी येऊन मॅगी करणारे मी बरेच पाहिले आहेत, त्यांत मीही एक होतो.

हाच नियम उलट दिशेनेही पाळायचा असतो. न जमणाऱ्या कामाला "बघतो", "प्रयत्न करतो" असे म्हणून आपण नकार सौम्य करतो. समोरचा त्याला होकार समजून कामाला लागतो आणि नंतर तुम्ही शब्द मोडला असे धरतो. "या आठवड्यात मला जमणार नाही" हे वाक्य तिथे कोणालाही टोचत नाही. "आपण कधीतरी भेटू या" हे मात्र आमंत्रण नव्हे. तारीख आणि वेळ सांगितली तर ते आमंत्रण. तारीख तुम्हीही सुचवू शकता, आणि तेच करावे. सातला बोलावले असेल तर सात ते सात-दहा या वेळेत पोहोचा. आधी जाऊ नका. येणार की नाही हे कळवायला सांगितले असेल तर कळवा, आणि ऐनवेळी मित्राला सोबत नेऊ नका.

पगार, वय, वजन, लग्न, धर्म, कोणाला मते दिली, हे प्रश्न पहिल्या ओळखीत नकोत. "जाड झालीस" हे आपल्या मावशीचे प्रेम तिथे अपमान ठरते. वर्ण आणि वंश यांबाबत विनोद तर नकोतच, पण 'गोरा', 'सावळा' या शब्दांवर आपण जितक्या सहज बोलतो तितकेही बोलू नये. मराठी-भारतीय वर्तुळातही एका सवयीला आवर घालावा लागतो: आडनाव ऐकून "म्हणजे तुम्ही कोण?" अशी चौकशी. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा स्पष्ट समावेश केला, तो अशाच अनुभवांच्या तक्रारींतून. ही चौकशी करणाऱ्याला ती निरागस वाटते, ऐकणाऱ्याला वाटत नाही.

आपल्याच मुलांत राहणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. तापात खिचडी तेच करून देतात आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकही मिळतात. चौघे मराठी सकाळी एकत्र बसने गेले, वर्गात शेजारी बसले, प्रोजेक्टला एकाच गटात शिरले आणि रात्री एकत्र जेवले, तर दोन वर्षांनंतरही मुलाखतीत इंग्रजी अडखळते, एवढे मात्र पाहिले आहे. आठवड्यातून एक ठरलेले काम आपल्या वर्तुळाबाहेर ठेवा: बॅडमिंटन, ग्रंथालयातील स्वयंसेवा, प्रयोगशाळेचे दुपारचे जेवण. एकच, पण दर आठवड्याला. पहिल्या महिन्यात नऊ क्लबांत नाव घालणारा ऑक्टोबरमध्ये एकातही दिसत नाही.

## टप्पा ६: ऑक्टोबरअखेर ते थँक्सगिव्हिंग

या काळात मन खाली जाते, आणि त्याची कारणे बरीच व्यावहारिक असतात. सहामाही परीक्षांचे गुण आलेले असतात, दिवाळीला वर्ग असतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि उत्तरेकडील राज्यांत दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडू लागतो. सकाळी बाहेर चाला, दिवाळीचा फराळ येत्या शनिवारी करा आणि प्रयोगशाळेतही न्या.

झोप, भूक आणि अभ्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असतील, तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात वेळ घ्या. अनेक ठिकाणी त्याचा खर्च फीमध्येच धरलेला असतो, आणि तिथले बोलणे जिवाला धोका असल्याखेरीज प्राध्यापकांना किंवा घरी कळवले जात नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर ९८८ हा क्रमांक फोन आणि संदेश दोन्हींवर चोवीस तास चालतो. तातडीच्या प्रसंगी ९११. साध्या तापाला मात्र रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाऊ नका, ते बिल महिन्याच्या भाड्याहून मोठे येऊ शकते. आधी विद्यार्थी आरोग्य केंद्र.

> इशारा: विषय झेपत नसेल तर तो सोडण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील डीएसओची (विद्यार्थ्यांच्या व्हिसाचे काम पाहणारा अधिकारी) परवानगी घ्या. आधी सोडून मग सांगितले आणि श्रेयांक पूर्णवेळ मर्यादेखाली गेले, तर एफ-१चा दर्जा मोडतो.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. कॅम्पस ओस पडतो, भोजनगृहे बंद होतात, बस क्वचित धावते. कोणी घरी बोलावले तर संकोच न करता जा. ते आमंत्रण तारखेसह असते. जाताना फुले किंवा मिठाई न्या, शाकाहारी असल्यास तसे आठवडाभर आधी कळवा आणि स्वतः एक भाजी करून नेण्याची तयारी दाखवा. टर्कीच्या शेजारी बटाट्याची भाजी बिनतक्रार संपते.

## टप्पा ७: डिसेंबरमध्ये घरी जाण्यापूर्वी

सुट्टीत भारतात जाणार असाल तर आय-२०वर डीएसओची प्रवासाची सही आहे का ते पाहा. शिकत असताना ती एक वर्ष चालते, परंतु सत्राच्या शेवटच्या आठवड्यात कार्यालयात गर्दी असते, म्हणून नोव्हेंबरमध्येच घ्या. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालू असावा आणि व्हिसाची मुदत संपली नसल्याची खात्री करून घ्यावी. घर रिकामे ठेवून जाताना हीटर पूर्ण बंद करू नका, नळातील पाणी गोठून नळ फुटतात. तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या आसपास ठेवा आणि रूममेटपैकी कोण कोणत्या तारखेला परतणार हे फ्रीजवरच्या कागदावर लिहून ठेवा.

आणि पुण्याला किंवा नाशिकला पोहोचल्यावर पहिल्या पंगतीत "आणखी घेणार?" असे विचारले गेले, तर "यस, प्लीज" म्हणण्याआधी दोनदा नको म्हणा. मी पहिल्याच वेळी ताट पुढे केले होते, आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग आईला म्हणाली, "तिकडे याला कोणी वाढत नाही वाटतं."